खालच्या पट्टीतली अक्षरं

सत्तारभाई पेंटरना लकवा मारला तेव्हा ते एका फ्लेक्सच्या कडेला लोखंडी रिंगा ठोकत होते. हातातली हातोडी पडली. त्यांनी उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा उचलायला वाकले ते तसेच आडवे झाले. मार्च महिना होता, अमळनेरला तेव्हाच ऊन डोक्यावर बसतं. लोकांना वाटलं चक्कर आली. पाणी मारलं, कांदा हुंगवला, सावलीत नेऊन निजवलं. त्यात पाऊण तास गेला.

मी ललित. बाजारपेठेतल्या टीव्ही-फ्रिजच्या दुकानात एकोणीस वर्षं काउंटरला आहे. आमच्या दुकानाची पहिली पाटी सत्तारभाईंच्या हातची होती. गावातल्या निम्म्या पाट्या त्यांच्याच. कापसाच्या जिनिंगच्या भिंती, तेलाचे डबे, रिक्षांच्या पाठी, शाळांची नावं. मराठी, उर्दू, गुजराती, तिन्ही लिप्यांत त्यांचा हात सारखा चाले. खडूची दोरी ताणून रेघ मारायची, मग शिडीवर बसून एका दमात अक्षर उतरवायचं. पुसून दुरुस्त करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. माझ्याशी ते अहिराणीत बोलत. एकदा म्हणाले, “ललित, मानूस बोर्ड पहिले देखस, मंग वाचस. देखामाच मजा शे.” वाचण्याआधीच्या बघण्यातच मजा आहे, असं त्यांचं म्हणणं.

मग फ्लेक्स आले. दोन तासांत छापून मिळणारं काम सोडून चार दिवस पेंटरची वाट कोण पाहणार? आमच्या मालकांनीही पाटी बदलली. सत्तारभाईंनी पाच-सात वर्षं रेटलं, आणि शेवटी एका फ्लेक्सवाल्याकडेच रिंगा ठोकायच्या कामाला लागले. तिथेही छापून आलेल्या फ्लेक्सला नाक लावून बघत. “फाटेल अक्षर शे,” म्हणत, म्हणजे फाटलेलं. जवळून पाहिलं की अक्षरांच्या कडा ठिपक्याठिपक्यांच्या दिसत, ते त्यांना सहन होत नसे. दुकानातली पोरं हसत. तेही हसत, पण नजर तिथेच राही.

धुळ्याच्या दवाखान्यात अठरा दिवस ठेवलं. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. ऐकलेलं समजत होतं. पाणी हवं का विचारलं तर मान हलवत. तोंडातून मात्र “ता, ता” एवढंच निघे. सोडताना तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, सतत बोलत राहा, काहीतरी बघायला द्या, वाचायला द्या, मेंदू कामात राहिला पाहिजे.

घरात साबेराभाभी आणि मुलगी सदफ. सदफ जळगावच्या एका खासगी शाळेत शिकवते, रोज सकाळच्या गाडीने जाते, संध्याकाळी येते. तिने अब्बांसाठी मराठी पेपर लावला. सकाळी निघण्याआधी ती तो त्यांच्या डाव्या हातात द्यायची. ते तासभर धरून बसत. भाभी शेजारणींना सांगत, “वाचतात. बोलत नाहीत, पण वाचतात सगळं.”

जूनमध्ये सदफ दुकानात आली. घरातला जुना डब्बा टीव्ही वर्षभर बंदच होता. ती घरून तयारी करून आली होती. वहीच्या पानावर लिहून आणलं होतं. एचडी रेडी, फुल एचडी, फोरके.

“ललितभाऊ, मला नक्की काय घ्यायचं ते सांगा. अब्बा दिवसभर बघणार आहेत.”

“खाटेपासून भिंत किती लांब आहे?”

“मोजलं मी. सात फूट.”

मी तिला समजावलं, जसं सगळ्यांना समजावतो. पडदा म्हणजे ठिपके. एचडी रेडीत आडवे तेराशे सहासष्ट, फुल एचडीत एकोणीसशे वीस, फोरकेत त्याच्या दुप्पट. पण ठिपके जास्त म्हणजे चित्र चांगलंच, असं नसतं. पडदा केवढा, माणूस किती लांब बसतो आणि आत येतं काय, यावर ते ठरतं. केबलवर बहुतेक चॅनेल साधीच येतात. तेवढंच चित्र फोरकेच्या पडद्यावर ताणलं तर उलट गढूळ दिसतं.

“मग बत्तीस इंची एचडी रेडी?”

“सात फुटांवरून पुरेल. उगाच जास्तीचा घेऊ नकोस.”

मी खरं तेच सांगितलं होतं. आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन.

टीव्ही बसवायला मीच गेलो. भिंतीत छिद्रं पाडली, केबल जोडली, बातम्यांचं चॅनेल लावलं. सत्तारभाईंचं तोंड डावीकडे ओढलेलं, दाढी पांढरी झालेली. त्यांनी मला ओळखलं, डाव्या हाताने माझं मनगट धरलं. मग पडद्याकडे वळले. खाली बातम्यांची पट्टी सरकत होती. ती त्यांनी पाहिली, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. “ता,” म्हणाले. हात उचलून पट्टीकडे दाखवला. “ता, ता.”

“आवाज वाढवू?” मी विचारलं. त्यांनी मान झटकली. मी चॅनेल बदललं. तिथेही पट्टी होतीच. त्यांनी डोळे मिटून घेतले.

महिनाभर असंच चाललं. टीव्ही लावला की ते पट्टीकडे बघत, हात उचलत, चिडत, मग तोंड फिरवत. भाभी एकदा रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, “ललितभाऊ, बघत नाहीत हो. नुसते टक लावून राहतात, मग रडवेले होतात. मशीनमध्ये काही खराबी आहे का?” मी जाऊन तपासलं. काही खराबी नव्हती.

ऑगस्टमध्ये सदफ पुन्हा आली. शाळेतून थेट आली असावी, खांद्याला पिशवी होती. तिने मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन पट्टीतल्या अक्षरांचा काढलेला.

“बघा. कडा कशा तुटक्या आहेत. वेलांट्यांना पायऱ्या पडल्यात. तुम्हाला आठवतं, अब्बा फ्लेक्सला काय म्हणायचे?”

मला आठवत होतं. आणि तो फोटो बघताना मला एकदम पटलं. आपण त्यांना साध्या गिऱ्हाइकाच्या मापाने मोजलं, असं वाटलं. सात फुटांवरून तुम्हा-आम्हाला कळत नाही ते या माणसाला कळत असणार. सदफच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जरा आनंदच होता. अब्बांच्या आत अजून पेंटर जागा आहे, याचा तो पुरावा होता ना.

आम्ही दोघं काउंटरवर तासभर बसलो. त्रेचाळीस इंची घ्यायचा ठरला. फुल एचडी की फोरके, यावर बरंच बोलणं झालं. बातम्या केबलऐवजी इंटरनेटवरून लावायच्या, म्हणजे चित्र मुळातच स्वच्छ येईल, असं मी सुचवलं. मी दोन्ही टीव्ही शेजारी-शेजारी लावले, एकच बातमी दोन्हीवर चालवली. सदफ सात फुटांवर खुर्ची ठेवून बसली आणि नुसती पट्टीतली अक्षरं बघत राहिली. बातमी काय होती ते तिला सांगता आलं नसतं.

“फोरके,” ती म्हणाली. “‘क्ष’ बघा. ह्याच्यावर पूर्ण गोल येतो.”

पहिला टीव्ही मी मालकांना सांगून परत घेतला. मालक कुरकुरले, पण सत्तारभाईंचं नाव ऐकून गप्प बसले.

दुसरा टीव्ही बसवला त्या संध्याकाळी मी, भाभी, सदफ असे तिघंही खोलीत होतो. चित्र सुरू झालं. खरंच सुंदर होतं. पट्टीतलं अक्षर न् अक्षर कोरल्यासारखं होतं. सत्तारभाई खूप वेळ बघत राहिले. सदफ पडद्याकडे बघतच नव्हती, ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांचे ओठ हलायला लागले. मग डावा हात खाटेवर आपटायला लागले. आधी हळू, मग जोरात. बाजूच्या स्टुलावरचा पाण्याचा पेला उचलून त्यांनी पडद्याच्या दिशेने फेकला. तो भिंतीला लागला. आणि ते रडले. तोंड वाकडं झालेलं असल्यामुळे आवाज विचित्र येत होता. भाभींनी त्यांचं डोकं पोटाशी धरलं. सदफने बटण दाबलं.

मला तिथे थांबवेना, आणि निघताही येईना.

चार दिवसांनी मित्राची गाडी मागून घेऊन मीच त्यांना, भाभींना आणि सदफला जळगावला नेलं. सदफच्या शाळेतल्या कुणीतरी मेंदूच्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं होतं. तरुण बाई होत्या, शांत. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. मग टेबलावर पेन, किल्ली आणि पेला ठेवला.

“काका, किल्ली दाखवा.” त्यांनी दाखवली. “पेला?” तोही दाखवला.

मग बाईंनी तीन कागद ठेवले. एकावर ‘म’, दुसऱ्यावर ‘क’, तिसऱ्यावर ‘अ’. “‘क’ कुठला?”

सत्तारभाईंनी तिन्ही कागद पाहिले. हात वर आला आणि तसाच राहिला.

“घाई नाही,” बाई म्हणाल्या.

त्यांनी ‘म’वर बोट ठेवलं. मग उचललं. मग आमच्याकडे बघितलं. बाईंनी सदफला उर्दू अक्षरं लिहायला सांगितली. तिने तीन अक्षरं लिहून अब्बांसमोर ठेवली. तेही झालं नाही. शेवटी बाईंनी मोठ्या अक्षरात ‘सत्तार’ लिहून त्यांच्यासमोर धरलं. ते त्यावर वाकले. डाव्या हाताचं बोट त्या अक्षरांवरून फिरवलं, वळण जिथून सुरू होतं तिथून बरोबर सुरू केलं, जिथे संपतं तिथे उचललं.

“हे काय लिहिलंय, माहीत आहे?”

त्यांनी मान हलवली. नाही.

बाईंनी त्यांच्यासमोरच सांगितलं, लपवलं नाही. ते मला बरं वाटलं. डोळ्यांना काही झालेलं नाही, त्यांना सगळं स्वच्छ दिसतं. पण मेंदूतला जो भाग अक्षर ओळखतो, त्याला मार बसलाय. हे अक्षर आहे एवढं त्यांना कळतं, कुठलं ते कळत नाही. “म्हणून तर एवढा त्रास होतोय. ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून हेच सांगत असणार.”

“पण ते रोज पेपर धरून बसतात,” सदफ म्हणाली.

बाईंनी टेबलावरचे कागद गोळा केले.

“धुळ्याला कुणी तपासलं नाही का हे?” मी विचारलं.

“गर्दीत राहून जातं. हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्या तीन-चार महिन्यांत जे परत येतं, ते नंतर फार हळू येतं. तरी सुरू करू आपण.”

परतताना धरणगाव मागे पडलं. सत्तारभाई मागच्या सीटवर भाभींच्या खांद्याला टेकून झोपले होते. सदफ पुढे माझ्याशेजारी बसली होती.

“तुम्हाला दोन्ही टीव्हींत फरक दिसला होता ना?” तिने विचारलं.

“दिसला होता.”

“मलाही दिसला होता.” मग ती म्हणाली, “जून, जुलै, ऑगस्ट. तीन महिने मी ठिपके मोजत बसले.”

तिला ठिपके मोजायला मीच शिकवलं होतं. चूक कुणाची, हे ती बोलली नाही. भाभीही कधी बोलल्या नाहीत. टीव्ही परत घेऊ का, असं मी पुढच्या आठवड्यात विचारलं, तेव्हा सदफ म्हणाली, “राहू द्या. तुमच्या मालकांना किती वेळा सांगणार?”

भाभींनी काळ्या कापडाची एक पट्टी शिवून टीव्हीच्या खालच्या बाजूला अडकवली. बातम्या बंदच केल्या. सत्तारभाई जंगलातल्या प्राण्यांचं चॅनेल बघत, तेही थोडाच वेळ. मधे जाहिरात लागली आणि पडदाभर अक्षरं आली की ते भिंतीकडे वळत. एकदा मी त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून बाजारातून फिरवून आणलं, हवा लागेल म्हणून. जुन्या जिनिंगच्या भिंतीवर त्यांचंच काम आहे, रंग उडालाय पण दिसतं. तिथे आल्यावर त्यांनी मान खाली घातली, ती घरी येईपर्यंत वर केली नाही. पुन्हा मी नेलं नाही.

सदफ रोज संध्याकाळी गाडीतून उतरली की जेवायच्या आधी त्यांच्याजवळ बसे. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर एकेक अक्षर. एकच अक्षर आठवडाभर. ते कधी बसत, कधी पुठ्ठा हाताने उडवून लावत. त्या दिवशी घरात कुणी नीट जेवत नसे. दिवाळीच्या सुमारास त्यांना ‘म’ लागला. चार पुठ्ठ्यांतून त्यांनी तो तीनदा बरोबर उचलला. सदफने मला दुकानात फोन करून सांगितलं. मग ‘र’ लागला. डिसेंबरात उर्दूतला अलिफ, तो उभी रेघच असतो म्हणून सोपा गेला असेल. चौथं अक्षर ‘क’ चाललं होतं.

जानेवारीच्या सतरा तारखेला पहाटे दुसरा झटका आला. या वेळी धुळ्यालाही नेता आलं नाही.

मी दफनाला गेलो होतो. थंडी फार होती. आलेल्यांत पाच-सहा जुने पेंटर होते. आता त्यांच्यातला एक पाणीपुरीची गाडी लावतो, बाकीचे मिळेल ते करतात. परत येताना त्यांच्यातले रुपचंदभाऊ मला म्हणाले, “त्याला शेवटी बोलता येत नव्हतं, पण वाचत तर होता ना रे? भाभी सांगत होत्या.”

मी हो म्हणालो.