आबांच्या बाजूची काच

गाडी मीच धुतली होती, आणि आतून धुतली होती, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात चूक कुणाची यावर बोलणं सुरू झालं की ताटातली भाकरी गार होते, त्यापेक्षा हे बरं.

कळसाडीला आमचं घर. ऊस-कापसाची शेती आहे आणि मी शाळेत शिकवते. गाडी चालवायला मी चाळिशीत शिकले आणि एक जुनी, लहानशी पांढरी गाडी घेतली. माझ्या शेजारी बसायला मात्र घरातलं कुणी धजावत नसे. नवरा एकदाच बसला. शहाद्यापर्यंत तो नसलेला ब्रेक पायाने दाबत होता. उतरल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाला, “आते मी मोटरसायकलवर बरा.” राहिले फक्त आबा, माझे सासरे. ते बसायचे, पट्टा लावायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि मी गिअर कितीही करकरवला तरी चकार शब्द काढायचे नाहीत. एवढ्यासाठीच मला ते फार आवडायचे.

त्या हिवाळ्यात आबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी मी त्यांना तपासणीसाठी नंदुरबारला नेलं. आता नंदुरबारला जाऊन लाल मिरची न घेता परतणारी बाई आमच्याकडे तरी मला माहीत नाही. वर्षाच्या तिखटाची दोन पोती मागच्या सीटवर टाकली. मिरची अर्धवट वाळलेली होती आणि एका पोत्याची शिवण उसवलेली होती. घरी पोहोचेपर्यंत आम्ही दोघंही शिंकून शिंकून बेजार झालो. पोती उतरवली, पण मिरची उतरली नाही. सीटच्या फटीत बिया, पायाखाली बुकणी, आणि दार उघडलं की नाकात झणका.

डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशननंतर महिनाभर डोळ्यात धूळ जाता कामा नये. इथे तर तिखट होतं. मी पदर खोचला, पाण्याची मोटर सुरू केली आणि ओटा धुतात तशी गाडी आतून नळीने धुऊन काढली. साबण लावला, खराट्याने घासलं, पुन्हा पाणी मारलं. दिवसभर चारही दारं उघडी ठेवून ती उन्हात उभी केली. संध्याकाळी गालिच्याला हात लावला तर कोरडा. इतकं बादल्या-बादल्या पाणी गेलं कुठे, हा प्रश्न मुलांना गणितात घालणाऱ्या मला काही पडला नाही.

ऑपरेशन छान झालं. आबांना काळा चष्मा मिळाला, शेतात जायची बंदी झाली, आणि तपासणीच्या वाऱ्या सुरू झाल्या. आधी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी. डावा डोळाही पिकत आला होता. डॉक्टर म्हणाले, हा नीट बसला की तो लगेच करून घेऊ, लांबवू नका. दुसरा डोळा वेळेत व्हावा, एवढंच माझ्या मनात होतं. आबांचं सगळं आयुष्य वावरात गेलेलं. त्यांना घरात चाचपडत बसलेलं बघणं माझ्याच्याने झालं नसतं.

थंडी पडली होती. सकाळी सातला निघायचो आणि तापीच्या पुलापर्यंत जाईतो काचा आतून पांढऱ्या व्हायच्या. पहिल्या दिवशी मी ब्लोअर लावला, तर जाळीतून जो झोत आला त्याने दोघांच्याही डोळ्यांतून पाणी! धुताना उडालेली मिरचीची बुकणी आत जाऊन बसली होती. आबांनी दोन्ही हातांनी चष्मा दाबून धरला. मी ब्लोअर बंद केला, बाहेरची हवा येऊ नये म्हणून तिथलं बटण दाबलं आणि घरी आल्यावर सगळ्या जाळ्या चिकटपट्टीने बंद करून टाकल्या. खिडक्या धुळीमुळे बंद होत्याच. लोणच्याची बरणी झाकावी तशी मी ती गाडी झाकली आणि आत सासऱ्यांना बसवलं.

मग उपाय सुरू झाले. शाळेतल्या बाईंनी सांगितलं म्हणून मिठाची पुरचुंडी ठेवली. चार दिवसांत मिठाचं पाणी होऊन सीटवर ओघळलं. कुणी म्हणालं बटाटा कापून काचेवर चोळा. चोळला, तर काचेवर पांढरे ओरखडे उठले आणि गाडीला बटाटावड्यांच्या गाडीसारखा वास यायला लागला. पायाखाली वर्तमानपत्रं अंथरली, ती संध्याकाळी हातात धरताच फाटायची. शेवटी मी मांडीवर एक फडकं ठेवलं. काच पांढरी झाली की डाव्या हाताने माझ्यासमोरची पुसायची. मला रस्ता दिसायला लागायचा. आबांच्या बाजूपर्यंत हात पोहोचत नव्हता, आणि खरं सांगायचं तर तशी गरजही वाटली नाही. त्यांना कुठे गाडी चालवायची होती?

माझ्यातली शिक्षिका गाडीतही गप्प बसत नाही. आबांचा डोळा किती सुधारला, याची परीक्षा मी दर फेरीला घ्यायची.

“आबा, ती पाटीवर काय लिखेल शे?”

“पाटी कोठे शे?”

सारंगखेड्याच्या यात्रेचे दिवस होते. घोडे भरलेल्या गाड्या रस्त्याने दिसायच्या. एक अगदी समोरून गेली. “आबा, कितला घोडा व्हतात?”

“घोडा व्हतात का म्हशी व्हत्यात, माले काय ठाऊक.”

मी हसायची आणि मनातून घाबरायची. दवाखान्यात मात्र ते समोरच्या तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळसुद्धा धडाधड वाचायचे. डॉक्टर खूश व्हायचे. बाहेर आल्यावर आबा म्हणायचे, “डॉक्टरनी खोलीमा समदं दिसस. पन माले का तठे वावर करनं शे?” घरी तर लांब बघण्यासारखं काही नव्हतंच, समोर भिंत आणि बाजूला गोठा. लांबचं बघायची संधी ती माझ्या गाडीतलीच. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी निकाल देऊन टाकला. “एक डोयानी मजा देखी लिधी. दुसरा ऱ्हाऊ दे.” नवऱ्याने समजावलं, मी समजावलं, थोडा आवाजही चढवला. आबा हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्यांच्याशी भांडता येत नाही, तेच तर दुखणं.

गाडीला मात्र आता कुबट वास सुटला होता. एका रविवारी मी एकटीच नंदुरबारला गेले. तिथे सीट कव्हर आणि गाद्या शिवणारे एक म्हातारे चाचा आहेत. तीन पिढ्यांचं त्यांचं ते काम, अन् दुकान इतक्या अरुंद गल्लीत की गाडी आत घालणं हे माझ्या बापाच्यानेही झालं नसतं. चाचांनी माझा चेहरा बघितला आणि म्हणाले, “भाभी, तुम उधर बैठो, मैं लेता अंदर.”

मी पहिल्यांदाच माझ्या गाडीत डाव्या सीटवर बसले. काचा नेहमीसारख्या पांढऱ्या होत्या. चाचांनी तळहाताने स्वतःपुरती काच पुसली आणि गाडी सुरू केली.

“भाभी, तुम्हारे बाजू रिक्षा खडी है क्या, जरा देखो.”

मी बघितलं. समोर पांढरं, बाजूला पांढरं. त्या पांढऱ्यात काहीतरी काळपट होतं; ती रिक्षा होती का भिंत होती का माणूस, मला सांगता येईना. उन्हामुळे सगळं दुधाळ झालं होतं. आणि माझ्या डोळ्यांवर तर काळा चष्माही नव्हता.

“दिखती क्या?” चाचांनी पुन्हा विचारलं.

पाटी कोठे शे? घोडा का म्हैस? अहो, मी कसल्या परीक्षा घेत होते! महिनाभर मी त्या माणसाला पांढऱ्या काचेसमोर बसवून विचारत होते, दिसतं का, दिसतं का. आणि ते बिचारे प्रामाणिकपणे सांगत होते, नाही दिसत. त्यांना वाटलं डोळा असाच. दीड डोळ्याच्या माणसाला काच कुठे संपते आणि आपला डोळा कुठे सुरू होतो, हे कसं कळणार? कळायला हवं होतं मला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की गाडी आत जाऊन थांबली तरी मी पट्टा सोडला नाही.

चाचांनी सीट काढल्या, गालिचा उचलला. त्याच्याखाली गोधडीसारखा जाड थर असतो, त्याला ते नमदा म्हणत होते. त्यांनी तो मुठीत पिळला तर धार लागली. “मछली पालते क्या इसमें?” म्हणाले. वरचा गालिचा वाळला होता आणि सगळं पाणी खाली जाऊन बसलं होतं. गाडी बंद झाली की ते वर यायचं, काचेवर बसायचं, त्यात आम्हा दोघांच्या श्वासाची भर. हवेचा फिल्टर काढला तर तोही मिरचीच्या बुकणीने लालभडक. माझं ते दाबून ठेवलेलं बटण बघून चाचांनी कपाळाला हात लावला. “ये दबाया तो अंदर की हवा अंदर-च घूमती, भाभी. बाहर की लो, थोडी गरम करके काच पे मारो. दो मिनिट में साफ.”

नमदा वाळत घालायला ते बाहेर निघाले. गल्लीच्या तोंडाशी वाळत घातलेल्या मिरचीची पथारी होती, लांबच लांब लाल. तिच्या कडेची मोकळी जागा त्यांनी हेरलेली दिसताच मी ओरडलेच, “चाचा, तिथे नको!” ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मग नमदा दुकानाच्या पत्र्यावर चढला. संध्याकाळपर्यंत मी तिथेच स्टुलावर बसून होते, दोनदा चहा घेतला, आणि जाळ्यांच्या चिकटपट्ट्या काढून, त्या साफ करून, नवा फिल्टर बसवून कोरड्या, मोकळ्या गाडीत घरी आले. घरी कुणाला काही बोलले नाही.

दोन दिवसांनी आबांची शेवटची तपासणी होती. थंडी तशीच होती. काच पांढरी व्हायला लागली तशी मी ब्लोअर लावला, आणि माझ्या बाजूने, त्यांच्या बाजूने, दोन्हीकडून ती खालून वर साफ होत गेली. मी काही विचारलं नाही. कधी नव्हे ते तोंड बंद ठेवलं. पूल गेला. आबा समोर बघत होते. मग त्यांनी काळा चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि एकदम काचेकडे झुकले.

“आरे, हाई वावर कोनं शे? कापूस येचाना बाकी शे आजून. बोंडं खाले पडी ऱ्हायनात.”

ते वावर रस्त्यापासून चांगलं लांब होतं. मला स्वतःला बोंडं दिसत नव्हती.

मग मी सांगितलं. अडखळत, पण सगळं. “आबा, तुमना डोया पहिलापासून बराच व्हता. काच खराब व्हती. मी मन्ही बाजू पुसू, तुमनी पुसू नही.”

मला वाटलं, आता रागावतील, आणि रागावावंच. पण ते गालातल्या गालात हसायला लागले.

“माले वाटे, डोया गया. डॉक्टर उगाच बरं बरं सांगस.”

“मंग आबा, तपासणीले कसाले येत ऱ्हायनात तुम्ही? घर बठी ऱ्हातात.”

“तू इतली हौसमा ली जास. तुन्हा बाजूले ते कोन्ही बठस नही.” त्यांनी हात मांडीवर नीट ठेवले. “मी म्हणं, मन्हा डोया गया ते गया. पोरना गाडीवर हात ते बसी.”

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन आलं. आबांनी माझ्या मांडीवर सवयीने ठेवलेलं फडकं उचलून माझ्या हातात दिलं.

“डोया पुस आनि चाल लवकर. डॉक्टर निंघी जाई. दुसरा डोयानी तारीख लेनी शे.”