चार माणसांची रांग

समस्त रत्नागिरी जिल्ह्याला कळवण्यास अत्यंत खेद होतो की, घाटातली चार माणसांची रांग बंद झाली!

घाटात रस्त्याचं काम सुरू होतं. गाडीत चार माणसं असली, तर वेगळ्या रांगेतून झटकन पुढं सोडत. चिपळूणहून लोट्याच्या कारखान्यात जाणारे आम्ही तिघे. म्हणून चौथ्या एका बाईंना रोज नाक्यावरून गाडीत घेऊ लागलो. त्या लोट्यालाच एका कॅन्टीनमध्ये भाकऱ्या भाजत. एसटीनं गेल्या तर उशीर व्हायचा, आणि आणखी एकदा उशीर झाला असता तर काम सुटलं असतं. त्यांचं नाव आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बसल्याबसल्या पदरानं काच पुसायच्या आणि रांगेतल्या पोलिसाला मान बाहेर काढून बजावायच्या, "मोजून घ्या हो, चार!" जणू आम्ही तिघे त्यांच्याच जिवावर जगत होतो. तसे जगतच होतो म्हणा!

परवा रांगेच्या तोंडाशी नवा फलक दिसला. टोल भरा आणि पुढं जा, माणसं कितीही असोत. मी थक्क! तेवढ्यात शेजारून एक भलीमोठी गाडी सुळकन गेली, आत एकटेच साहेब. बाई किंचाळल्या, "अवो, बाकीची तीन कुठं सांडलीत?"

आम्ही खो खो हसलो. गाडी चालवणारे आमचे मित्र हसता हसता बोलून गेले, "चला, म्हणजे आता चौथं माणूस नको!"

बाईंचा हात दाराच्या कडीवर गेला.

"मंग मी हितंच उतरू काय?"