शीतलताईनं आधी सुकलेला वाटाणा दाखवला

गेल्या रविवारी महाराजपूरला आमच्या घरामागच्या वावरात पाहुणे जमले होते... आसपासचे हिंदी बोलणारे शेतकरी आणि शीतलताईच्या कॉलेजचे प्रिन्सिपल सर.

शीतलताई माझी मामेबहीण. कॉलेजात पर्यावरण शिकवते. लहानशा तुकड्यावर रासायनिक खताशिवाय घरापुरतं आणि बाजारापुरतं कसं पिकवायचं, यावर तिचं संशोधन चालू आहे. आमच्या वावरात तिनं वाटाणा लावला होता, मातीवर धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा अंथरून... ओल टिकावी म्हणून. तेच पाहायला सगळे आले होते.

वाटाणा झालाही मस्त. शेंगा अगदी टपोऱ्या! पण विहिरीकडचा कोपरा पार सुकला होता. वाळवी लागली होती.

मी हळूच म्हटलं, "ताई, तिकडे नको नेऊ. इकडूनच फिरवून आण सगळ्यांना."

"काहून? हे लोक माझं पाहून लावून राहिले ना!" असं म्हणून ती सगळ्यांना घेऊन थेट त्याच कोपऱ्यात गेली.

एक झाड उपटून तिनं पोखरलेलं मूळ दाखवलं. "यहाँ गलती मेरी है. सूखी ज़मीन पर पुआल जड़ से सटाकर बिछा दिया, दीमक लग गई. आप लोग ऐसा मत करना."

सर चष्मा पुसत राहिले. मला तर कुठे पाहावं तेच कळेना.

मग दुर्गाबाई पुढे आल्या. कांचघरच्या बाजारात त्या स्वतः पिकवलेली भाजी विकतात. आल्यापासून हाताची घडी घालून लांबच उभ्या होत्या. "अच्छा दीदी, जहाँ नहीं लगी, वहाँ क्या अलग किया?"

बस्स... मग एकेक जण मातीत उकिडवा बसला. कोणी तणस उचलून पाहतंय, कोणी ओल चाचपतंय. सरसुद्धा पँट सावरत खाली बसले. चहा पार थंड झाला. निघताना दुर्गाबाई आपल्या वावरातला एक वाफा ताईच्या प्रयोगाला देऊ करत म्हणाल्या, "चलो, एक क्यारी हमारी भी ले लो."

सगळे गेल्यावर मी विचारलं, "भीती नाही वाटली, सरांसमोर?"

"वाटली ना! पण तसंच मुळाला चिकटून तणस उद्या दुर्गाबाईच्या वावरात अंथरलं असतं तर?"

हुशार माणसं खूप पाहिली... पण सगळ्यांसमोर आपलं फसलेलं आधी दाखवणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

बहीण आहे म्हणून नाही सांगत... पण हो, माझी बहीण आहे ती!