पार्लरमधला घोडेस्वार

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात पुंडलिकनगरच्या गेम पार्लरमध्ये चितेगावच्या कंपनीतला एक कामगार रोज संध्याकाळी दिसायचा. हरवलेल्या बापाला शोधत घोड्यावरून निघालेल्या मुलीची गोष्ट तो खेळायचा. गेम मधेच बंद पडायचा, घोडा जमिनीत रुतून बसायचा. टँकरची वाट बघून आधीच वैतागलेले आम्ही चिडायचो. तो मात्र घोड्याला चुचकारत पुन्हा मागच्या टप्प्यापासून सुरुवात करायचा.

एकदाचा बाप सापडला. आम्ही आपापले खेळ सोडून त्याच्यामागं उभे राहिलो. मुलगी धावत बापाच्या गळ्यात पडली आणि नेमकी तेव्हाच बापाची मिशी चेहरा सोडून हवेत तरंगू लागली. सगळे खो खो हसले. तोही हसला आणि डोळे पुसत म्हणाला, “मिशी जाऊ द्या हो! लेकीला बाप भेटला, लई झालं.”