बिनसहीचे तास

कुरुंद्याच्या शाळेत शिवकन्या अकरा वर्षं पुस्तकं सांभाळत होती. खेळाच्या सामानाची खोली, तिच्यात लोखंडी कपाटं चार, अन् त्यांच्या किल्ल्या हिच्या कमरेला. नेमणूक अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून. अकराला यायचं, दोनला जायचं. पण ती दोनला घरी निघाली असं गावात कुणी कधी बघितलं नाही.

कारण एखादे सर लग्नाला जायचे, एखाद्या बाईंच्या लेकराला ताप यायचा, अन् मुख्याध्यापक मोहनसिंग सर खोलीच्या दारात उभे राहायचे. "ताई, जरा सातवी ब वर जाऊन बसा. नुसतं बसा, शिकवायचं न्हाई."

साठ पोरांसमोर नुसतं बसून दाखवावं कुणीतरी! शिवकन्या शिकवायची. अन् तासाच्या रजिस्टरवर सही करायचे ते न आलेले सर, दुसऱ्या दिवशी, चहा पिऊन, सावकाश. त्यांची रजा वाचायची. हिचं काय वाचायचं, ते कुणी विचारलं नाही, अन् हिनंही नाही.

त्याच तासांत तिला एक गोष्ट कळली. जी पोरं पुस्तकं नेत नव्हती, ती काही उनाड नव्हती. त्यांना वाचताच येत नव्हतं. धडा वाचायची पाळी आली की ती चप्पल शोधायला बाकाखाली शिरायची. मग तिनं मोठ्या अक्षरांची पातळ पुस्तकं गुपचूप खालच्या फळीवर आणून ठेवली. हळद शिजवायच्या दिवसांत पोरांचे हात पिवळे असतात. त्या पातळ पुस्तकांच्या पानापानावर पिवळे अंगठे उमटलेले पाहून तिचं पोट भरायचं.

यंदा जागा पूर्णवेळ झाली. शिवकन्याच लागणार, असं सगळ्यांनी धरलेलं. सासूनं, बनाबाईनं, तर अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं, "आमची सून आता दिवसभराची झाली. भाकरी मलाच थापाव्या लागणार, बाई!" तक्रार करताना म्हातारीचं तोंड हसून राहिलेलं.

मुलाखतीत संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "ग्रंथपालाला वर्गावर शिकवल्याचा अनुभव पाहिजे. पोरांसमोर उभं राहिल्याबिगर पोरगं कळत न्हाई. बराबर का न्हाई?"

"बराबर हाय, साहेब," शिवकन्या म्हणाली. तिला ते मनापासून पटलं होतं. "अन् मला हाय अनुभव. अकरा वर्षांचा."

"त्याचा कागद?"

तिनं मोहनसिंग सरांकडे पाहिलं. सरांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. सरांनी हो म्हणावं, तर गैरहजर असून हजर राहिलेले सगळे मास्तर उघडे पडणार, अन् त्यांच्या आधी सर स्वतः.

"रजिस्टरात तसं काही दिसत न्हाई," सर म्हणाले.

जागा संस्थेच्या दुसऱ्या शाळेतल्या गोपीचंद सरांना गेली. त्यांनी बावीस वर्षं भूगोल शिकवलेला. तिथली पटसंख्या घटली, तुकडी बंद पडली, अन् सर जास्तीचे ठरले. माणूस वाईट नव्हता. किल्ल्या घेताना म्हणाला, "राग धरू नका, ताई. कपाट कोणत्या बाजूनं उघडतं, ते बी मला तुमालाच विचारावं लागणार."

जूनपर्यंत तुम्ही मदतीला थांबा, मग तुमची गरज नाही, असं शिवकन्येला सांगितलं गेलं. तिनं मान हलवली. रडू आलं नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई मारतो, अन् मग आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. घरी बनाबाई संस्थेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. शिवकन्या भाकरी मोडत ऐकत होती, जणू दुसऱ्याच कुणाच्या सुनेची गोष्ट चाललीय.

चौथ्या दिवशी मोहनसिंग सर पुन्हा दारात. "ताई, सातवी ब वर जरा..."

ती उठली. "रजिस्टर आणा, सर. आधी सही करते."

"कुणाची?"

"माझी."

"आता काहून? जागा तर गेली. काय उपयोग त्याचा?"

"काहीच न्हाई. तरी आणा."

सर घुटमळले. तिकडं सातवी ब मध्ये बाकं आपटायला लागली होती. कपाटाशी उकिडवे बसलेले गोपीचंद सर मान वर न करता म्हणाले, "न्हाई तर मी जातो, सर. पण मी आता ग्रंथपाल हाय. मी बी बिनसहीचं नुसतंच बसायचं का?"

सर गेले. रजिस्टर घेऊन आले.

शिवकन्येनं तारीख लिहिली, तास चौथा लिहिला, खाली पूर्ण नाव लिहून सही केली. अकरा वर्षांत एक तास. काहीच वाटलं नाही. पेन परत देऊन ती वर्गावर गेली.

पोरं उभी राहिली. "बसा," ती म्हणाली. "कोणता धडा चाललाय?"