लाल्याचा वास

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, अब्बा होते तेव्हा त्यांच्यापाशीही नाही. आज तुमच्यापाशी का बोलतोय? — कुणास ठाऊक. बसलाच आहात, तर ऐका.

आधी धंदा सांगतो. मी लोकांच्या अंगणात प्लॅस्टिकचं गवत अंथरतो. टर्फ म्हणतात त्याला. सांगलीजवळ कुपवाडात छोटं गोडाऊन आहे, दारात टेम्पो. हसू नका — ज्यांच्या बापानं जन्मभर उसातलं गवत उपटलं, ती पोरं आता गवत विकत आणून अंथरतात, आणि त्यावर माझं घर चालतं.

अंथरणं काही अवघड नाही. अवघड आहे ते खालचं. आमची नदीकडची माती काळी — उसाला सोनं, माझ्या धंद्याला वैरी. पाणी खाली सोडतच नाही, धरून बसते. म्हणून ती फूटभर उकरून काढायची, मुरूम दाबायचा, वर खडी, खडीत भोकांचा पाइप, पाइपाला गटारीकडं उतार — आणि मग गवत. अब्बा गवंडी होते. कुठल्याही कामावर आधी पाण्याला वाट दे म्हणायचे, मग भिंतीचं बघ. मला माहीत नव्हतं असं नाही. पाठ होतं.

ते अंगण एका रिटायर सुभेदारांचं. सांगलीबाहेर, नवं घर. आदल्या पावसाळ्यात त्यांची बायको — मी काकू म्हणायचो — चिखलात घसरून पडली होती, तेव्हापासून कंबर कामातून गेलेली. चिखल नको म्हणून गवत. सुभेदार दिवसभर बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे, एकुलता पोरगा फौजेत, लांब. घरी काकू आणि लाल्या. लाल्या म्हणजे कुत्रा — गावठी, तांबडा, एक कान मोडलेला. पोरानं जाताना पिल्लू आणून आईच्या पदरात टाकलं होतं. काकू दिवसभर त्याच्याशी बोलायच्या. आमटीला मीठ झालंय का, हेही त्यालाच विचारायच्या.

आणि मी पाइप घातला नाही. माती उकरलीच नाही हो! उंब्रजला हायवेलगत बॉक्स क्रिकेटचं मोठं काम हाताशी आलं होतं, तो मालक मागं लागलेला, इकडं आभाळ भरलेलं. मातीवर वरवर खडीची बारीक कच पसरली, रोलर फिरवला, गवत ठोकलं आणि निघालो. खाली कोण बघतंय? काकू अनवाणी चालून बघत म्हणाल्या, "गादीच हाय की वो!" मी हसलो.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? नाही. एवढ्यासाठी तुम्हाला बसवलं नसतं. असल्या चोऱ्या आमच्या धंद्यातले लोक चहा पिताना सांगतात, टाळ्या देत. मीही दिल्यात.

पाऊस लागला आणि गवताखाली पाणी तुंबलं. वरून हिरवंगार, पाय ठेवला की पचपच. मग कुजका वास सुटला. काकूंचा फोन आला, "मिस्त्री, आवं वास लय येतोय बगा. घास जात न्हाई." गेलो. गवताचा कोपरा उचलला — खाली काळं, सडकं पाणी. बघताक्षणी कळलं. कळणार नाही तर काय? केलेलं मीच. सुभेदार शेजारी हात मागं बांधून उभे होते. त्यांनी विचारलं, "क्या वजह है?" चिडले की फौजेतलं हिंदी यायचं त्यांना.

चुकलं साहेब, उकरून परत करून देतो — इतकंच बोलायचं होतं. जीभ झडणार होती का माझी? लाल्या तिथंच बसला होता, माझ्याकडं बघून शेपटी आपटत. मी कोपरा खाली सोडला आणि म्हणालो, "कुत्रं मुततंय साहेब. गवतात मुरतं ते. कुत्रं असलं की असंच व्हतं."

काकू म्हणाल्या, "न्हाई वो, त्यो मागं रानात जातो. शिकवलंय त्याला." इथं तरी गप्प बसावं ना माणसानं? मी वर म्हणालो, "तुमी आत असताना करतंय, काकू. तुमाला काय दिसणार?" त्या बाईला तिच्याच अंगणात, तिच्या नवऱ्यासमोर मी खोटं पाडलं. त्या आत निघून गेल्या.

सुभेदार म्हणाले, "बस. फैसला झाला." तासगावला त्यांच्या भावाचं बेदाण्याचं शेड, तिथं राखणीला कुत्रं हवं होतं. माझा टेम्पो तिकडंच चाललाय — हे कुणी विचारलं होतं? मीच सांगितलं. मीच.

लाल्याला मी उचलून टेम्पोत घातला. तो खुशीत होता, हुंदडायला निघाल्यासारखा. काकू बाहेर आल्या नाहीत. उंबऱ्यावर फडक्यात बांधलेली भाकरी तेवढी ठेवली होती. शेडवर त्याला बांधून निघालो तर भुंकलाही नाही, नुसता बघत राहिला. घरी आलो. कुत्र्याला हात लागला, तसा नमाज चालत नाही म्हणून कपडे धुवायला टाकले, साबण लावून अंघोळ केली, आणि खोटं बोललेल्या त्याच तोंडानं नमाज पढलो.

पुढं कळलं — पट्ट्यातून मान काढून लाल्या पळाला. घराकडंच निघाला असणार, दुसरीकडं कुठं जाईल? पोचला नाही. सुभेदार तासगाव रस्त्यानं स्कूटरवर हाका मारत हिंडले म्हणे. सापडला नाही.

आणि वास? वास कसा जाईल? कुत्रं गेलं तरी वास आहेच, म्हणजे आता हे उकरणार, आपलं बिंग फुटणार — या धास्तीनं मी फिनेलचा कॅन आणि पंप घेऊन आपण होऊन गेलो. चांगुलपणा समजू नका, निव्वळ भीती. काकू अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या, अनवाणी पाय गवतावर. मी नाकाला रुमाल लावला. म्हणालो, धुऊन देतो, काकू.

त्यांनी हात आडवा केला. "नगा धुऊ, मिस्त्री. तुमी म्हणला तेच खरं हुतं. मी उगं तुमाला बोलले. पण आता ऱ्हाऊ द्या. लाल्याचा तेवढाच वास ऱ्हायलाय."

मी "बरं, काकू" म्हणालो. कॅन उचलला आणि टेम्पोत जाऊन बसलो.

मी अजून त्या रस्त्यानं जातो. ते गवत तसंच आहे. दर पावसाळ्यात तिथं वास सुटतो आणि काकू खुर्ची बाहेर काढतात.