चपला बाहेर काढाव्यात

"मॅडम, पत्रावर तारीख आजचीच टाका. हेडबाई सोमवारपर्यंत थांबते म्हणाल्यात."

मानसी माझ्या टेबलासमोर उभी होती. खुर्ची रिकामी होती तरी उभी. आपण किती वेळ उभं राहू शकतो ते मला दिसावं म्हणून.

मी फिजिओथेरपिस्ट. नौपाड्यात तळमजल्यावर माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. मानसी डोंबिवलीच्या एका शाळेत चौथीची वर्गशिक्षिका, वय अडतीस. तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि शाळेला लिफ्ट नाही. सात महिने ती रजेवर होती. आता शाळेला माझ्याकडून पत्र हवं होतं, की बाई जिने चढू शकतात आणि वर्गात उभ्या राहू शकतात. पत्र मिळालं तर वर्ग परत. नाहीतर ऑफिसात बसून हजेरीपटाचं काम. त्या नुसत्या कल्पनेने तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

पत्र टाइप करून झालेलं. सही तेवढी राहिलेली.

तिला मल्टिपल स्क्लेरॉसिस होता, आम्ही नुसतं एमएस म्हणतो. वायरीला कव्हर असतं तसं आपल्या नसांनाही असतं. या आजारात शरीर स्वतःच ते कुरतडतं. मग मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. पाय जड होतो, तोल जातो, आणि थकवा असा की अंघोळ करून आलेला माणूस परत आडवा होतो. मध्येच छान वाटतं, मध्येच बिघडतं.

त्या काळात एका प्रोसिजरची फार हवा होती. मानेतल्या शिरा अरुंद असल्या की मेंदूतलं रक्त नीट खाली उतरत नाही आणि त्याने एमएस होतो, असं काही डॉक्टरांचं म्हणणं. म्हणून जांघेतून बारीक नळी घालायची, मानेपर्यंत न्यायची आणि आत फुगा फुगवून शीर मोकळी करायची. मानसीच्या न्यूरोलॉजिस्टनी सरळ नको म्हणून सांगितलेलं. तिने दुसरीकडे जाऊन करून घेतली. पुढे नीट तपासण्या झाल्या तेव्हा ती कल्पना टिकली नाही, पण ते पुढे. बुडत्याला काडीचा आधार, आणि ही काडी तर चांगली जाडजूड दिसत होती.

आठवडाभर जड उचलायचं नाही, रक्त पातळ करायच्या गोळ्या, जांघेतला काळानिळा डाग उतरेपर्यंत जपून, असं सगळं पार पाडून ती माझ्याकडे आली. खोटं कशाला सांगू, ती मस्त चालत होती.

माझ्याकडे एमएसच्या सात जणांचा एक ग्रुप एका शनिवाराआड जमायचा. चहा प्यायचा, एकमेकांना धीर द्यायचा. त्यात एक पद्धत पडलेली. कुणाला बरं वाटलं की पेढे. कुणी जिना चढलं, पेढे. कुणी एकट्याने बाजारात जाऊन आलं, पेढे. मानसीने अख्खा मोठा बॉक्स आणलेला. "माझ्या शिरा उघडल्या," म्हणाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी दोन पेढे खाल्ले.

तर, मी सहीसाठी पेन उचललं आणि दारातून आवाज आला.

"ह्या सँडली कोनाच्या?"

हे भोईर काका. राहणार शहाड. खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, एमएसमुळे लवकर घरी बसले. ग्रुपमधले सगळ्यात जुने. मानसीच्या दोन वर्षं आधी त्यांनीही तीच प्रोसिजर केलेली, पण त्याबद्दल कधी अवाक्षर काढायचे नाहीत. त्यांची अपॉइंटमेंट मानसीच्या नंतरची. एका हाताने दाराची चौकट धरून ते उभे होते आणि दुसऱ्या हातातल्या काठीच्या टोकाला एक सँडल अडकवलेला.

"माझ्या आहेत काका. ठेवा ना खाली," मानसी घाईघाईने म्हणाली.

"मॅडम, टायर बघा. डावा कोरा करकरीत. उजवा पुढून पार गुळगुळीत. गाडी घासत चाललीय."

मी सँडल हातात घेतला. उजव्या पायाचा तळ अंगठ्याखाली झिजून पातळ झालेला, पुढची कड उडालेली. आमच्यात याला फूट ड्रॉप म्हणतात. पाऊल पुढून उचललं जात नाही, बोटं जमिनीला घासत जातात, आणि मग एखाद्या दिवशी माणूस तोंडावर पडतो.

"कधी घेतलेस?"

"गेल्या महिन्यात. शाळेत घालायला म्हणून."

प्रोसिजरला चार महिने झालेले. म्हणजे ही झीज सगळी नंतरची.

"चल, चालून दाखव."

"आत्ताच दाखवलं ना मॅडम."

"इथे नाही. बाहेर. सँडल घालून, गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत."

मे महिन्याचं ऊन होतं. मी तिच्या बाजूने चालत होते. जाताना ठीक गेली. परत येताना आवाज यायला लागला, खर्र, खर्र. क्लिनिक दहा पावलांवर असताना तिने एका उभ्या स्कूटरचा आधार घेतला. मी तिला दंडाला धरून आत आणलं आणि खुर्चीत बसवलं. या वेळी ती गुपचूप बसली.

मला राग आलेला. "किती वेळा पडलीस?"

"नाही हो, तसं काही…"

"गो बाय," भोईर काका म्हणाले, "मना नको शिकवू."

"चार वेळा," मानसी म्हणाली. "एकदा बाथरूममध्ये."

"मग बोलली का नाहीस?"

"पेढे वाटलेत मॅडम. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

पुढचं तिने स्वतःच सांगितलं. सकाळची पहिली वेळ ती हट्टाने मागून घ्यायची, आदल्या दिवशी पूर्ण आराम करायची, नवरा बाइकवरून दारात सोडायचा. आणि शिरा मोकळ्या झाल्या म्हणून एमएसचं इंजेक्शन तिने बंद केलेलं. घरी माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही. आजाराला वेसण घालणारी होती ती तेवढी एकच गोष्ट.

भोईर काका हळूहळू तिच्या शेजारी बसले.

"मी पन वाटलेले पेढे. अख्ख्या डेपोला. दोन महिन्यांनी पाय परत होता तसाच. मग तिकडं जायचंच सोडलं. लोक इचारतील ना, भोईर, पेढ्यांचं काय झालं? आठ महिने घरात तोंड लपवून बसलो. इंजेक्शन पन बंद. तेवढ्यात दुसरा पाय गेला." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "तू बॉक्स आनलास त्याच दिवशी सांगायला पायजे होतं. तुझा चेहरा बघितला आनि गप बसलो. चुकलं माझं."

मानसी खूप रडली.

पण त्या दिवशी सगळ्यात मोठी चूक माझीच होती. पेशंटचे जोडे आधी बघा, हे आम्हाला कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकवतात. बावीस वर्षं प्रॅक्टिस करून मी काय केलं? दारावर पाटी लावली, "चपला बाहेर काढाव्यात." फरशी स्वच्छ राहावी म्हणून. मग त्याच गुळगुळीत फरशीवर, एसीत, ताज्यातवान्या बाईला अनवाणी दहा मीटर चालवलं आणि शाब्बास म्हटलं. एमएसच्या माणसाला खरं काय होतं ते ऊन लागल्यावर, दमल्यावर कळतं.

मी पत्र फाडलं आणि न्यूरोलॉजिस्टना फोन लावला.

"सोमवारी पाठवा," ते म्हणाले. "आधी इंजेक्शनचं बघू. मी रागावणार नाही म्हणावं."

"थोडं रागवा," मी म्हटलं.

नवं पत्र लिहिलं. पायाला स्प्लिंट, म्हणजे पाऊल वर धरून ठेवणारी पट्टी. वर्गात उंच स्टूल. आणि जिने नकोत. मानसी म्हणाली, झालं, म्हणजे हजेरीपट. मी तिच्यासमोरच हेडबाईंना फोन केला.

"जिनाच नको ना?" हेडबाई म्हणाल्या. "मग चौथी खाली आणते, पहिली वर पाठवते. पहिलीची पोरं नाहीतरी जिन्यावरच असतात. एवढ्यासाठी सात महिने काय करत होतात?"



पुढच्या शनिवारी मानसीने ग्रुपला सगळं सांगितलं. भोईर काकांनी तिथल्या तिथे नवा नियम काढला, जो पडेल त्याने चिवडा आणायचा. त्यानंतरच्या बैठकीला सात जण आले आणि चिवड्याच्या सहा पुड्या आल्या. सातव्या बाई व्हीलचेअरवर असतात. त्या म्हणाल्या, "मी पडू कुठून?"

मानसी जूनमध्ये वर्गावर गेली. आजार आहे तिथेच आहे, इंजेक्शन चालू आहे, पट्टी मोज्यात लपते. दारावरची पाटी मी काढून टाकली. आता फरशी दिवसातून दोनदा पुसून घ्यावी लागते.

पेढे अजूनही येतात, कोण नको म्हणतंय. फक्त खायच्या आधी भोईर काका आणणाऱ्याच्या चपला उलट्या करून बघतात.